तिन्ही रीडिंग सारखीच कशी आली?

प्रश्न : मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक विचाराची सवय रुजावी यासाठी आमच्याकडे एक समिती नेमली आहे आणि तिच्या समन्वयाचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. काहींच्या मते पहिल्या वर्षाला या नावाचा एक स्वतंत्र पेपर ठेवावा, तो तत्त्वज्ञान विभागाने शिकवावा आणि बाकीच्यांना त्यांचे काम करू द्यावे. इतरांचे म्हणणे असे, की आम्ही आमचा विषय नीट शिकवतो म्हणजे विचार करायला शिकवतोच, आणि अभ्यासक्रम संपवतानाच नाकी नऊ येतात तिथे आणखी काही करायला वेळ कोठून आणायचा? गेल्या सत्रात मी माझ्या वर्गात चर्चेचे तास घेऊन पाहिले. मुले बोलली, पण गाडी शेवटी ‘प्रत्येकाचे मत वेगळे असते’ येथेच येऊन थांबली, आणि तास संपताच एकाने विचारले, ‘मॅडम, परीक्षेत नेमके काय लिहायचे?’ पुढच्या महिन्यात मला समितीपुढे आराखडा मांडायचा आहे. काय मांडू? – एक प्राध्यापिका

सस्नेह नमस्कार.

‘परीक्षेत नेमके काय लिहायचे?’ हे ऐकून तुमचा हिरमोड झाला असणार, हे पत्रातून जाणवते. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटतो आणि तुमचा आराखडा तेथूनच सुरू व्हावा असे मी सुचवीन. वर्गात विचार करायला सांगितले जाते, पण उत्तरपत्रिकेत पाठ केलेलेच मागितले जाते, हे त्या विद्यार्थ्याने शाळेपासूनच्या अनुभवातून ओळखले आहे. ज्याला गुण मिळतात तेच तो शिकतो, आणि यात त्याचा काही दोष नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन. आधी तुमच्या समितीतल्या दोन तटांविषयी.

हा वाद जुना आहे. शिक्षणाचे तत्त्वज्ञ जॉन मॅकपेक यांनी १९८१ मध्ये आग्रहाने मांडले होते, की विचार हा नेहमी कशाचा तरी विचार असतो. रसायनशास्त्रातला चांगला पुरावा आणि इतिहासातला चांगला पुरावा यांचे निकष वेगळे असतात, त्यामुळे विषयापासून सुटा काढलेला ‘चिकित्सक विचार’ शिकवणे व्यर्थ आहे. त्याच क्षेत्रातले रॉबर्ट एनिस यांची भूमिका याहून वेगळी होती. गृहीतक ओळखणे, पुरावा तपासणे, निष्कर्ष कोठवर लागू होतो हे ठरवणे या गोष्टी अनेक विषयांत सारख्या असतात आणि त्या सारख्या आहेत हे सांगूनच शिकवाव्या लागतात, असे ते म्हणत. त्यांनीच १९८९ मध्ये अशा अध्यापनाचे चार प्रकार सांगितले. पहिला, स्वतंत्र पेपर. दुसरा, विषयातच, पण विचाराची तत्त्वे उघडपणे नाव घेऊन शिकवणे. तिसरा, विषयात खोल उतरवले की ती तत्त्वे आपोआप उमजतील या भरवशावर राहणे. चौथा, स्वतंत्र पेपरची दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराशी सांगड घालणे. तुमच्या समितीतला एक तट पहिल्या प्रकारात बसतो आणि दुसरा तिसऱ्यात.

फिलिप अब्रामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ११७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा सांगड घालणारी चौथी पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली आणि ‘आपोआप उमजेल’ ही सर्वांत कमी. ज्या शिक्षकांना या कामासाठी खास प्रशिक्षण मिळाले होते त्यांच्या वर्गांत फरक अधिक दिसला, हेही त्या विश्लेषणातून पुढे आले. म्हणून तुमच्या समितीपुढे ‘हे की ते’ असा प्रश्न ठेवूच नका. पहिल्या वर्षाला एक छोटा स्वतंत्र पेपर अवश्य असावा, पण त्याचे खरे काम सर्व विभागांना पुढे वापरता येईल अशी भाषा विद्यार्थ्यांच्या तोंडी बसवणे एवढेच आहे. उरलेले काम विभागांनीच करायचे आहे.

‘आम्ही शिकवतोच’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना सौजन्याने, पण ठामपणे उत्तर द्यावे लागेल. रिचर्ड अरम आणि जोसिपा रॉक्सा यांनी अमेरिकेतील २४ संस्थांतल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची चिकित्सक विचार, गुंतागुंतीचा युक्तिवाद आणि लेखन यांची चाचणी प्रवेशाच्या वेळी आणि पुन्हा दोन वर्षांनी घेतली; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांत लक्षणीय म्हणता येईल अशी सुधारणा दिसली नाही. हे सगळे विद्यार्थी कोणा ना कोणा चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसतच होते.

असे का होते, हे मला एका जुन्या प्रयोगातून सर्वांत स्पष्ट कळले. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना एक कोडे घातले. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर गाठ नष्ट होते, पण वाटेतल्या निरोगी पेशीही मरतात, आणि सौम्य किरणांनी गाठीला काहीच होत नाही. तर काय करावे? उत्तर असे, की अनेक सौम्य किरण वेगवेगळ्या दिशांनी सोडावेत, म्हणजे ते गाठीवर एकत्र येतील. कोणतीही मदत न मिळता हे उत्तर सुमारे दहा टक्के विद्यार्थ्यांनाच सुचले. काहींना कोड्याआधी एक गोष्ट वाचायला दिली होती. तिच्यात एक सेनापती किल्ल्यावर चालून जातो, पण वाटांवर सुरुंग पेरलेले असतात आणि मोठे सैन्य गेले की ते फुटतात. म्हणून तो सैन्याच्या छोट्या तुकड्या करून त्यांना निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यापाशी आणतो. उत्तर अक्षरशः हातात होते, तरी ही गोष्ट वाचलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनाच ते सुचले. ‘मघाच्या गोष्टीचा काही उपयोग होतो का पाहा’ एवढा इशारा दिल्यावर मात्र सुमारे चारांतल्या तिघांना जमले.

म्हणजे ज्ञान होते, फक्त ते येथे लागू पडते हे कोणी सुचवले नव्हते. आपल्या महाविद्यालयातही तेच घडते. संख्याशास्त्राच्या तासाला नमुना लहान असल्याचा दोष बरोबर दाखवणारी मुलगी समाजशास्त्राच्या निबंधात चार जणांच्या मुलाखतींवरून सर्व समाजाविषयी निष्कर्ष काढते, कारण दोन्हीकडे एकच चूक आहे हे तिला दोन्हीकडच्या शिक्षकांपैकी कोणीच सांगितलेले नसते. तो इशारा देणे हेच संपूर्ण अभ्यासक्रमात चिकित्सक विचार शिकवण्याचे निम्म्याहून अधिक काम आहे, असे माझे मत झाले आहे.

येथे मला माझ्याच वर्गातला एक प्रसंग सांगू द्या. मी रसायनशास्त्र शिकवत असे. अनुमापनाचे, म्हणजे आम्लाला पुरी पडायला किती अल्कली लागते ते मोजण्याचे, प्रात्यक्षिक चालू होते: खाली फ्लास्कमध्ये आम्ल, वर ब्युरेट या खुणा केलेल्या नळीत अल्कली आणि फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग येताच थांबून किती अल्कली लागली ते रीडिंग लिहायचे. एका विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग लिहून झाली होती, ९.८, ९.८ आणि ९.८, आणि तिसऱ्या खेपेचे द्रावण अजून तिच्या समोर फ्लास्कमध्ये रंगहीन होते. तिसरे रीडिंग कोठून आले, असे मी विचारले. ती मुळीच गोंधळली नाही. म्हणाली, ‘मॅडम, तेवढेच येते.’

घरी जाताना तो प्रश्न मनातून जाईना. रीडिंग अपेक्षित उत्तराच्या जितके जवळ तितके गुण जास्त, हा नियम मीच वर्षानुवर्षे चालवला होता. प्रयोगशाळा ही शंका घ्यायला शिकण्याची जागा, आणि तेथेच मी शंका न घेण्याला गुण देत होते. पुढच्या सत्रापासून मी जर्नलमध्ये एकच ओळ वाढवली: ‘तीनपैकी कोणत्या रीडिंगवर तुमचा सर्वांत कमी विश्वास आहे आणि का?’ आणि निम्मे गुण त्या ओळीला ठेवले. पहिले दोन आठवडे ‘मानवी चूक’ एवढेच उत्तर यायचे. ‘कोणती चूक, आणि तिने रीडिंग वाढेल की कमी होईल?’ असे लिहून मी ती जर्नले परत करत राहिले. मग एके दिवशी एकाने लिहिले, ‘दुसऱ्या वेळी ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता, तो मध्येच निघून गेला, म्हणून रीडिंग प्रत्यक्षाहून जास्त आले असावे.’ हे उत्तर माझ्या अजून लक्षात आहे. त्यासाठी एकही जादा तास घ्यावा लागला नव्हता.

आता आराखड्याविषयी. विभागांना ‘चिकित्सक विचार शिकवा’ असे मोघम सांगून काही होणार नाही. सर्वांनी वापरायचे चार-पाच शब्द ठरवून घ्या. १९९० मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनसाठी ४६ तज्ज्ञांनी मिळून जी व्याख्या केली, तिच्यात अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचाराची तपासणी अशी सहा कौशल्ये आहेत. समितीच्या अहवालाला ती शोभतील, पण विद्यार्थ्यांच्या तोंडी बसणार नाहीत. त्यापेक्षा स्टीफन टुलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यावरून सोपे शब्द घेता येतात: दावा काय आहे, पुरावा काय आहे, या पुराव्यावरून त्या दाव्यापर्यंत जाताना मध्ये काय गृहीत धरले आहे, हा दावा कोठे लागू पडणार नाही. त्यात मी एक शब्द आपल्या भाषेतला घालीन, पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही शिस्त आपल्या शास्त्रीय वादपद्धतीत पूर्वापार आहे आणि शब्दही सर्वांना परिचित आहे. हे पाच शब्द प्रत्येक विभागाच्या फळ्यावर तसेच्या तसे उमटले, की विद्यार्थ्याला तो ‘इशारा’ आपोआप मिळू लागतो.

तुमच्या विषयापासूनच सुरुवात करा. मागणीचा नियम लिहिताना प्रत्येक विद्यार्थी ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द लिहितो, कारण ते नसले तर गुण कापले जातात. पण हे शब्द म्हणजे एक गृहीतक आहे, नियमाचा सगळा भार त्याच्यावर आहे आणि प्रत्यक्षात ती इतर परिस्थिती बहुधा स्थिर नसते, हे किती जणांना उमगलेले असते? ‘मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी असे विचारून पाहा: ‘एका वस्तूची किंमत एका वर्षात वाढली आणि त्याच वर्षी तिची विक्रीही वाढली. यावरून मागणीचा नियम खोटा ठरतो, असे एकाने लिहिले. हा निष्कर्ष काढताना त्याने काय गृहीत धरले आहे? तो तपासण्यासाठी तुम्ही कोणती दोन प्रकारची माहिती मागाल आणि ती कशी आली तर तुम्ही त्याच्याशी सहमत व्हाल?’ धडा तोच, तास तेवढेच, पण ज्याने नियम नुसता पाठ केला आहे त्याला येथे थांबून विचार करावा लागतो. उत्पन्न वाढले असेल, पर्यायी वस्तू महागली असेल, लोकांची आवड बदलली असेल, हे त्याला स्वतः शोधावे लागते.

संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना बर्कलीचे उदाहरण नक्की ठाऊक असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेशांत १९७३ मध्ये अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. भेदभावाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता असणार? पण विभागवार आकडे पाहिले, तेव्हा बहुतेक विभागांत तसा फरक दिसला नाही. सर्वांत मोठ्या विभागांपैकी एकात तर पुरुषांना ६२ टक्के आणि स्त्रियांना ८२ टक्के प्रवेश मिळाले होते. जेथे प्रवेश मिळणेच अवघड अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते, म्हणून एकूण आकडा तसा दिसत होता. हे उदाहरण संख्याशास्त्रात एक ‘विरोधाभास’ म्हणून शिकवले जाते आणि तेथेच संपते. वास्तविक ते समाजशास्त्राच्या वर्गातही जायला हवे आणि तेथे पुढचा प्रश्न विचारला जायला हवा, की स्त्रियांचे अर्ज त्याच विभागांकडे का गेले असावेत आणि त्या कारणांत अन्यायाचा भाग असू शकतो का. एका विभागाचे उत्तर दुसऱ्या विभागाचा प्रश्न होतो, असे प्रसंग जाणीवपूर्वक जमवायला हवेत.

अशा सामायिक उदाहरणांत मला सर्वांत उपयोगी वाटते ते डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या तापाने, दगावणाऱ्या मातांचे प्रमाण ११ टक्क्यांवर होते आणि दुसऱ्यात ते ३ टक्क्यांच्याही खाली होते. सेमेलवाइस यांनी एकेक स्पष्टीकरण घेऊन तपासले. गर्दी हे कारण असावे, तर दुसऱ्या कक्षातच गर्दी जास्त होती. दूषित हवा हे कारण असावे, तर ती दोन्हीकडे सारखीच होती. १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी शस्त्राची जखम होऊन दगावले आणि त्यांच्या शरीरात सूतिकाज्वरासारखीच लक्षणे आढळली. तेव्हा सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले, की पहिल्या कक्षातले डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतीला येत होते. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि पहिल्या कक्षातले मृत्युप्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले.

येथपर्यंत जीवशास्त्राचा वर्ग ही गोष्ट घेऊ शकतो: कोणत्या पुराव्याने कोणता पर्याय बाद झाला? संख्याशास्त्राचा वर्ग दोन कक्षांचे आकडे घेऊन ‘दोन्ही कक्षांतल्या स्त्रिया आधीपासूनच वेगळ्या असतील तर?’ असे विचारू शकतो. इतिहासाच्या वर्गात प्रश्न बदलतो: एवढा स्पष्ट परिणाम दिसूनही अनेक समकालीन डॉक्टरांनी तो का मानला नाही? सूक्ष्मजंतूंचा सिद्धांत अजून आलेला नव्हता, त्यामुळे ‘हातावर असते तरी काय?’ याला सेमेलवाइस यांच्याकडे पटेल असे उत्तर नव्हते. डॉक्टरच्या हातून मृत्यू जातो, हे मान्य करणेही सोपे नव्हते. भाषेच्या वर्गाचा प्रश्न आणखी वेगळा: त्यांनी आपले सविस्तर लेखन १८६१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षांनी प्रसिद्ध केले आणि विरोधकांवर कठोर टीका केली, पूर्वपक्ष आदराने मांडून तेच म्हणणे पटवून देता आले असते का? एकाच सत्रात चार विभागांनी आपापल्या तासांतला एकेक तास या एका प्रकरणाला दिला, तर विद्यार्थ्यांना विषयांच्या भिंतींपलीकडे काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे, हे व्याख्यान न देता कळेल. पहिल्या वर्षाच्या त्या स्वतंत्र पेपरमध्येही कोडी आणि तर्कदोषांच्या याद्या यांऐवजी अशीच तीन-चार प्रकरणे असावीत आणि तो एकट्या तत्त्वज्ञान विभागाच्या गळ्यात न घालता दोन-तीन विभागांच्या शिक्षकांनी मिळून शिकवावा.

ग्रंथपालांनाही समितीत घ्या. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये केलेल्या अभ्यासात इतिहासकार, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळले, त्याची मांडणी आणि भाषा पाहत राहिले. तपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून, त्याच्याविषयी इतर काय म्हणतात ते शोधू लागले आणि लवकर योग्य निष्कर्षाला पोहोचले. ही सवय ग्रंथालयात एका तासात दाखवता येते आणि ती सर्व विषयांना लागते.

आता ‘प्रत्येकाचे मत वेगळे असते’ या अडचणीकडे येते, कारण तुमचा उत्साह तेथेच खचलेला दिसतो. विल्यम पेरी यांनी हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या मुलाखतींवरून १९७० मध्ये एक आकृतिबंध मांडला. विद्यार्थी आधी ‘बरोबर उत्तर एकच असते आणि ते शिक्षकांना ठाऊक असते’ असे मानतात. मग ‘जेथे तज्ज्ञांचेच एकमत नाही, तेथे सगळी मते सारखीच’ येथे येतात. त्यापुढे कोणत्या संदर्भात कोणत्या मताला आधार अधिक आहे हे त्यांना ताडून पाहता येऊ लागते. तुमचा वर्ग दुसऱ्या पायरीवर आहे. एकाच उत्तराची सवय मोडली आहे, हे पुढचेच पाऊल आहे. फक्त तेथे मुक्काम होऊ देऊ नये.

त्यासाठी चर्चेच्या आधी लिहून घ्या. पाच मिनिटे प्रत्येकाने आपला दावा आणि सर्वांत भक्कम पुरावा कागदावर लिहावा. बोलण्यात जे निसटते ते कागदावर सापडते. मग जोडीदाराशी कागद बदलून त्याचे म्हणणे, म्हणजे स्वतःच्या दृष्टीने पूर्वपक्ष, अशा शब्दांत लिहावे की तो ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणेल. तसे म्हणेपर्यंत उत्तर द्यायचे नाही. आणि शेवटी प्रत्येकाने एका प्रश्नाला उत्तर द्यावे: कोणती माहिती समोर आली तर मी माझे मत बदलीन? ‘कोणतीच नाही’ असे उत्तर येईल. ते चूक ठरवू नका, फळ्यावर लिहा आणि मत आणि निष्कर्ष यांत फरक काय, यावर वर्गालाच बोलू द्या. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा, असा भेद केला आहे. वितंडवाद हा शब्द विद्यार्थ्यांना माहीत असतो. बाकीचे दोन सांगितले, की आपली चर्चा कोणत्या जातीची झाली हे ते स्वतःच ओळखू लागतात.

वेळेची तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. कोणत्याही विभागाकडे नवे तास मागू नका. प्रत्येक पेपरमागे एका सत्रात तीन जागा मागा: एक तास, जेथे व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारला जाईल, एक लेखी काम, आणि परीक्षेतला एक प्रश्न. तासातल्या प्रश्नासाठी एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत वापरलेली पद्धत कोणालाही जमते. संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचे, मग शेजारच्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा निवड करायची. यात दहा मिनिटांहून अधिक वेळ जात नाही, आणि शिक्षकाला वर्ग नेमका कोठे अडला आहे ते कळते, म्हणून उलट वेळ वाचतोही.

परीक्षेचा प्रश्न बदलला की गुणदानही बदलावे लागेल, आणि माझ्या अनुभवात सहकाऱ्यांची खरी भीती येथे असते: ‘असे उत्तर तपासायचे कसे?’ निष्कर्षाला गुण देऊ नका. दहा गुणांच्या प्रश्नात दावा स्पष्ट असण्याला दोन, पुरावा नेमका असण्याला तीन, गृहीतक ओळखण्याला तीन आणि दाव्याची मर्यादा सांगण्याला दोन, असे काहीतरी ठरवा आणि ते प्रश्नपत्रिकेवर छापा. शिक्षकाच्या मताविरुद्धचे उत्तरही पूर्ण गुणांचे असू शकते, हे विद्यार्थ्यांना एकदा प्रत्यक्ष दिसले पाहिजे. म्हणून परीक्षेआधी विरुद्ध निष्कर्षांची, पण सारखीच चांगली दोन नमुना उत्तरे वाटा, आणि निष्कर्ष पटणारा, पण युक्तिवाद पोकळ असे एक उत्तर वर्गाकडून तपासून घ्या. लेखी कामाच्या पहिल्या खर्ड्यावर फक्त शेरा लिहा, गुण नकोत. रूथ बटलर यांच्या १९८८ मधल्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली, तर शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना त्या शेऱ्यांचा फायदा झाला नाही. गुण दिसले की शेरा वाचायचे राहून जाते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

आणि तुमच्या त्या विद्यार्थ्याला आता सरळ उत्तर देता येईल: परीक्षेत हेच लिहायचे आहे, आणि ते कसे तपासले जाईल ते हे पाहा.

सुरुवातीला सर्व विभाग बरोबर येणार नाहीत, आणि सक्ती करूही नये. सक्तीने आलेला सहकारी रकाने भरून देईल आणि तिन्ही रीडिंग सारखीच लिहील. चार इच्छुक विभाग घ्या, एक सत्र चालवा, आणि सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची विद्यार्थ्यांची दोन-दोन उत्तरे शेजारी ठेवून समितीला दाखवा. सुधारणा झाली नसेल तर तेही दाखवा. व्याख्यानमाला आणि कार्यशाळा नंतर होत राहतील. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने गेल्या वर्षीची आपली एक प्रश्नपत्रिका घेऊन यावे, एवढेच सांगा, आणि तुम्ही मात्र तुमच्या पेपरमधला जुना प्रश्न आणि त्याखाली बदललेला प्रश्न अशी एक प्रत सर्वांना वाटा. पहिली दुरुस्ती स्वतःच्या प्रश्नपत्रिकेत केलेली दिसली, की इतरांनाही आपापली प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवायला अवघड जात नाही.